टॅब असावेत, पण मजकूर दडू नये

विकीवरील नागपूरच्या इतिहासाचे पान फार लांबल्यामुळे त्याचे गोंड, भोसले आणि ब्रिटिश असे तीन टॅब करावेत, ही आपली सूचना मला पटते. मात्र ते कोणत्या पद्धतीने करायचे, हे आधी ठरवायला हवे. मीडियाविकीवर, म्हणजे विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, टॅबर हा टॅब बनवणारा विस्तार असेल, तर एकाच पानात टॅबरच्या टॅगमध्ये (कोनी कंसांतील खुणांमध्ये) तिन्ही भाग लिहून मध्ये उभी रेघ, आडवी रेघ, पुन्हा उभी रेघ असे विभाजक दिले की काम होते. साच्यातील (अनेक पानांवर वापरायच्या तयार मजकुरातील) प्राचले, म्हणजे पानागणिक बदलणारी मूल्ये, टॅबमध्ये आणायची असल्यास मात्र साधा टॅग पुरत नाही. तेथे पार्सर फंक्शन (महिरपी कंसांत लिहायची विकीची आज्ञा) वापरावे लागते, आणि त्यात उभी रेघ थेट न लिहिता दुहेरी महिरपी कंसांत उद्गारचिन्ह लिहून उमटवावी लागते. नवे संपादक बहुधा येथेच अडकतात.

मला अधिक काळजी वाचकाची वाटते. १८१७ ची सीताबर्डीची लढाई भोसल्यांच्या टॅबमध्ये असेल आणि वाचकासमोर गोंड टॅब उघडा असेल, तर ब्राउझरच्या शोधात ती सहसा सापडत नाही. छपाईसाठी वेगळी शैली लिहिली नसेल, तर कागदावरही येत नाही. म्हणून या पानासाठी मी उपपानांचा मार्ग निवडेन: प्रत्येक कालखंडाचे स्वतंत्र पान आणि वर तिन्ही दुवे दाखवणारा एकच साचा. प्रत्येक टिचकीला नवे पान उघडावे लागेल, हे खरे. पण प्रत्येक कालखंडाला स्वतःचा दुवा आणि स्वतःचा संपादन-इतिहास मिळेल. एकाच जागेचे जुने व नवे नकाशे शेजारी दाखवण्यासाठी टॅबर अवश्य वापरावा.