खलनायिकेला रडकं बालपण हवंच का?

ओटीवरून:

आमच्याकडे रात्रीचं जेवण टीव्हीसमोर होतं. (शिस्तप्रिय मंडळींनी इथूनच परत फिरावं.) साडेआठच्या मालिकेतल्या खलनायिकेने गेल्या आठ महिन्यांत सासऱ्यांच्या गोळ्या बदलल्या, घराच्या कागदांवर खोट्या सह्या केल्या आणि पोटुशी जाऊबाईंना जिन्यावरून ढकललं. आई रोज तिच्या नावाने बोटं मोडायची. मग मागच्या आठवड्यात ओळीने तीन भाग भूतकाळ आला. पडदा निळसर, फाटक्या फ्रॉकमधली लहान मुलगी, सावत्र आई, करपलेली भाकरी, मागे बासरी. आईच्या हातातला घास हातातच राहिला. "बिचारी गं."

चौथ्या दिवशी त्याच बिचारीने दुधात काहीतरी कालवलं. आई म्हणाली, "तिने तरी काय करावं!"

मी ताट खाली ठेवलं. अगं, ती जिन्यावरून पडलेली? तिचं बालपण कुणी दाखवलं?

माझं म्हणणं एवढंच, की खलनायकाला हेतू हवा, पण हेतू म्हणजे त्याला आत्ता काय हवंय ते. लहानपणी काय सोसलं हा त्याचा पुरावा होत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया घ्या. तिला दुसरीचा नवरा गुरुनाथ हवा होता, त्याचा पैसा हवा होता आणि कष्ट नको होते. संपला हेतू. लोकांनी तिला शिव्याही घातल्या आणि तिच्यावर जीवही लावला. आणि 'रात्रीस खेळ चाले'मधले अण्णा नाईक! माधव अभ्यंकरांनी नुसती मान वळवली तरी पोटात गोळा यायचा. त्यासाठी अण्णांच्या आजोळची कर्मकहाणी ऐकावी लागली नाही.

हल्ली मात्र प्रत्येक दुष्टाच्या पाठीला एक जखम चिकटवून देतात. कंटाळा आला. तुम्हाला काय वाटतं?


कोकणचो:

अण्णांका इतिहास कित्याक होयो? आमच्या वाडीत अशे दोन आसत. दोघांचाय बालपण मजेत गेला.


सूनबाई नंबर दोन:

असहमत, आणि जरा जोरातच.

'आई कुठे काय करते' सुरू झाली 2019 च्या डिसेंबरात. पहिलं वर्षभर संजना माझ्या डोक्यात जायची. बॉससारखे कपडे, मोकळे केस, दुसरीच्या, म्हणजे नायिका अरुंधतीच्या नवऱ्याबरोबर, अनिरुद्धबरोबर फिरणं. आमच्या मालिकांमध्ये एवढ्यावर खलनायिका तयार होते, बिनबाह्यांचं ब्लाउज हाच हेतू. पण पुढे तिची बाजू दिसायला लागली. तिचं मोडलेलं लग्न, मुलगा, नोकरीत मिळवलेली जागा. शेवटी अनिरुद्धशी लग्न झाल्यावर तो तिच्याशीही तसाच वागायला लागला, जसा अरुंधतीशी वागायचा. तेव्हा कुठे आमच्या घरातल्या बायका म्हणाल्या, "अगं, म्हणजे खोट ह्याच्यात आहे!"

संजनाची बाजू दाखवली नसती तर चार-पाच वर्षं सगळा दोष 'त्या दुसरीचा' राहिला असता आणि नवरा बिचारा, भुललेला. शनायाच्या बाबतीत बहुतेक काळ तेच झालं. लोक शनायाला बोल लावायचे आणि गुरुनाथवर हसायचे. तुम्ही जिला 'बिचारी' म्हणू नका म्हणता, तिला बिचारी म्हटल्याशिवाय खरा गुन्हेगार दिसतच नाही कधी कधी.


झाडावरचा मुंजा:

धागाकर्त्या ताई, उदाहरण देताना पायाखाली बघत चला. :)

'रात्रीस खेळ चाले' 2016 साली आली तेव्हा अण्णा सुरुवातीलाच मेले होते. पुढचा सगळा खेळ वाड्यातल्या वारसांचा आणि अण्णांच्या सावलीचा. तुम्हाला जे अण्णा आठवतात, मान वळवणारे, शेवंताकडे बघणारे, ते 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागातले. आणि दुसरा भाग म्हणजे काय? पूर्वकथा! सुमारे दीड वर्ष चाललेली. तुम्ही तीन भागांना वैतागलात, पण ज्याची आरती ओवाळताय तो आख्खा भूतकाळच आहे.


ओटीवरून:

मुंजा, सापडले मी. पण पूर्ण नाही.

पूर्वकथा आणि वकीलपत्र यांत फरक आहे. दुसऱ्या भागात आपण मागे गेलो ते अण्णांनी कुणाकुणाचं काय केलं ते बघायला. त्यांचं कुणी काय केलं होतं ते मोजायला नव्हे. माई, शेवंता, पांडू, सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याने धरून ठेवले होते. आमच्या साडेआठच्या बाईसाहेब जाऊला ढकलतात तेव्हा कॅमेरा ढकलणारीच्या डोळ्यांतल्या पाण्यावर जातो. पडणारी चौकटीबाहेर.

सूनबाई, तुमचा मुद्दा मात्र मनाला लागला. संजनाबद्दल मी असा विचार केला नव्हता. तरी बघा, संजना पटली ती तिच्या लहानपणामुळे की तिच्या आजच्या अडचणीमुळे?


सूनबाई नंबर दोन:

आजच्या अडचणीमुळे, मान्य. पण आजची अडचण कालपासूनच येते ना? तुम्ही शब्दांत पकडताय.


पटकथेतला हमाल:

राहवत नाही म्हणून लिहितो. मी दोन दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले आहेत. नावं विचारू नका, अजून याच गल्लीत पोट आहे.

तुम्ही सगळे हे कलेच्या अंगाने बोलताय. वास्तविक खलनायिकेचं बालपण कधी उगवतं? गुरुवारी. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढच्या पंधरवड्याचा ट्रॅक ठरतो. निगेटिव्ह बाई लोकप्रिय झाली की वाहिनीला ती हवी असते, पण तिने इतके गुन्हे केलेले असतात की घरात ठेवायला तोंड उरत नाही. मग तिला 'धुऊन घ्या' असा निरोप येतो. धुवायला बालपण लागतं.

दुसरं कारण आणखी साधं. एकदा आमच्या नायिकेला डेंग्यू झाला. हातात तयार भाग होते दोन. तिच्याशिवाय चार भाग काढायचे होते. एक लहान मुलगी, एक चाळीतली खोली, एक सावत्र आई, दोन दिवसांचं शूटिंग, काम झालं. रात्री दीड वाजता मी फोनवर खलनायिकेचा बाप दारुडा केला. सकाळी सेटवरच्या मुलीने आठवण करून दिली की दोनशेव्या भागाच्या आसपास याच बाईचा बाप आदर्श शिक्षक म्हणून येऊन गेलाय आणि ती त्याच्या पायाही पडलीये. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे, त्यामुळे कुणाच्याच लक्षात नाही. शेवटी दारुडा हा 'सख्खा' झाला आणि शिक्षक 'ज्यांनी सांभाळलं ते'. बावीस मिनिटांत बसवलं. प्रेक्षक रडले. त्या आठवड्याचा आकडा वर गेला.

तेव्हा धागाकर्तीच्या बाजूने माझं मत पडायला हवं. पण ती भूमिका करणारी मुलगी सुरुवातीपासून एकच विचारायची: "सर, मी हिचं वाईट का करतेय?" मी सांगायचो, सीनमध्ये लिहिलंय म्हणून. मग ती बिचारी भुवई उडवायची. दुसरं करणार काय? बालपणाचे चार भाग झाले आणि तिची भुवई खाली आली. त्यानंतर तिने केलेलं काम खरंच बघण्यासारखं होतं. हे मी नाकारू शकत नाही.


रिकामटेकडा:

>> मग ती बिचारी भुवई उडवायची

दंडवत. आणि भुवई उडाली की तीन वेळा झूम आणि ढँण ढँण ढँण.


सातारकर:

आमच्याकडचं उदाहरण कुणीच काढलं नाही. 'देवमाणूस'. 2020 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. आमच्या वाई भागात 2016 साली उघडकीला आलेल्या खुनांच्या प्रकरणावरून ती सुचलेली, हे शेंबडं पोरही सांगेल. ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा आमच्या पारावर एकच प्रश्न होता: 'कळलं कसं नाही?' कुणी म्हटलं नाही की त्याचं लहानपण कसं गेलं असेल. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारावरून जायचं असतं हो.

मालिकेतल्या खुनी डॉक्टरचा हेतू पैसा, दागिने आणि बायका. किरण गायकवाडने तो थंडपणे केला. रडकथा लावली असती तर मी टीव्ही बंद केला असता. पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. आमच्या घरी पोलीस जवळ आले की माझी बायको म्हणायची, "आता सापडतोय वाटतं!" आणि आवाजात काळजी! त्याला पूर्वकथा न देताही ती त्याच्या बाजूची झाली होती. रोज अर्धा तास कॅमेरा ज्याच्या खांद्यावर बसतो, माणूस त्याचाच होतो. त्यामुळे बालपण दाखवा नाहीतर नका दाखवू, तो नायक झाला तिथेच निम्मी माफी मिळाली.


झाडावरचा मुंजा:

सातारकर, शेवटचं वाक्य बिनतोड.

पण ही वाहिन्यांची खोड नाही, आपली जुनी सवय आहे. शकुनीचे फासे बापाच्या हाडांचे, कौरवांनी त्याच्या घरच्यांना उपाशी मारलं, म्हणून त्याने कुळाचा नाश केला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली. पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 अशी जवळपास पन्नास वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीत ही हाडांची कथा नाही. मूळ शकुनी भाच्याच्या लोभासाठी कपटाने खेळतो, बस्स. लोकांनाच ते पुरलं नाही. त्यांनी त्याला बाप दिला, भूक दिली, सूड दिला. कुठला टीआरपी होता तेव्हा? 2013 च्या हिंदी महाभारतातही तो बहीण आंधळ्याला दिल्याचा डूख धरून बसतो. आपल्याला विनाकारण वाईट माणूस सहन होत नाही, झोप लागत नाही.


ओटीवरून:

किंवा आपल्याला कारण मिळालं की झोप फार लवकर लागते.


गडावरची:

इतिहासाच्या मालिकांचं काय? 'स्वराज्यरक्षक संभाजी'मधल्या सोयराबाई. तिथे हेतू कुणाला रचायची गरजच नव्हती. 1680 च्या एप्रिलमध्ये महाराज गेले, राजाराम जेमतेम दहा वर्षांचे, आणि आईला वाटलं गादी आपल्या लेकाला मिळावी. प्रधानांनी त्यांना मंचकावर बसवलंही. आणि सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरनौबत हंबीरराव मोहिते, शंभूराजांच्या बाजूने उभे राहिले! बहिणीविरुद्ध भाऊ. याहून मोठं नाट्य कोण लिहिणार? तरी पडद्यावर सोयराबाई आल्या की पार्श्वसंगीत नागिणीचं. माझी तक्रार उलटी आहे, जिथे माणूस समजून घ्यायला खरा ऐवज आहे तिथे आपण भुवई उडवतो आणि जिथे काही नाही तिथे सावत्र आई आणतो.


रिकामटेकडा:

टीव्ही सोडून एक सांगू का? 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील. तेंडुलकरांचं लेखन, निळू फुले. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याचं बालपण दाखवत बसले नाहीत. पण रस्त्यावरच्या बेवड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी गप्पा मारायला त्याला आवडतं. खरंच आवडतं! मोठ्या माणसाला बरोबरीने बोलणारं कुणी नसतं, ते आपल्याला दिसतं. मला हिंदुराव आवडायला लागतो. आणि मास्तर झालेले डॉ. लागू तोच एक प्रश्न विचारत राहतात, मारुती कांबळेचं काय झालं? आवडलेल्या माणसालाच तो प्रश्न विचारला जातो म्हणून तो टोचतो. नुसत्या राक्षसाला विचारला असता तर काय मजा?

म्हणजे धागाकर्ती पण बरोबर आणि सूनबाई पण. (दगड दोन्हीकडून येऊ द्या.)


सूनबाई नंबर दोन:

दगड नाही, पण रिकामटेकड्याच्या प्रतिसादाने माझं मत थोडं हललं, हे कबूल करते. सहानुभूती द्या, पण मारुती कांबळेला विसरू नका, असं असेल तर मला चालेल. मालिकेत हे जमतं का, शंका आहे. पाच वर्षं रोज दाखवायचं म्हणजे मारुती कांबळेही केव्हातरी परत येईल, प्लास्टिक सर्जरी करून.


पटकथेतला हमाल:

कल्पना लिहून ठेवतोय.


ओटीवरून:

काल रात्री हा धागा आईला वाचून दाखवला. शकुनीपाशी तिने मान डोलावली, देवमाणसापाशी हसली. सूनबाईंचं ऐकून म्हणाली, "शहाणी आहे." मग मी तिला म्हटलं, आता तूच सांग, ती जिन्यावरून पडली तिचं काय?

आई म्हणाली, "हो गं. खरंच. तिचं नाव काय होतं?"

आम्ही दोघी बराच वेळ आठवत बसलो. साडी आठवली, पिवळी. डोहाळजेवणातला झोपाळा आठवला. नाव काही केल्या येईना. आठ महिने बघतोय. इथे कुणी ती मालिका बघत असेल तर सांगा, डोक्यातून जात नाहीये.


पटकथेतला हमाल:

तुमची मालिका मी लिहीत नाही. पण आमच्याकडे अशा भूमिकेच्या पुढे कागदावर नुसतं 'जाऊ – 2' लिहिलेलं असायचं.