सहा पाहुण्यांसाठी साधं व्हीगन जेवण: नवशिक्याने काय करावं?

पहिलीच_पंगत
शनिवारी रात्री सहा जण जेवायला आहेत, त्यांतले दोघं व्हीगन, म्हणजे मांस-मासे, अंडी, दूध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारे. सगळ्यांना एकच जेवण वाढायचं आहे. मला भात, साधी भाजी, कोशिंबीर एवढंच जमतं. दोन शेगड्या, कुकर आणि ओव्हन आहे. दूध, लोणी, दही काढलं की रस्सा पाणचट लागतो, त्यावर उपाय काय? टोफू करावा का?

मंद_आच
टोफू पहिल्या खेपेला नको. वजन ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाणी काढलं नाही तर तो तव्याला चिकटतो आणि उलटताना तुटतो. शिवाय सहा जणांसाठी दोन-तीन घाणे काढावे लागतात, तोवर पहिला घाणा मऊ पडतो. बिनदुधाच्या चीजच्याही वाटेला जाऊ नका. जे मुळातच दुधाशिवाय होतं ते करा: नारळाच्या दुधातले काबुली चणे, भात, ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या.

चणे ४०० ग्रॅम घ्या आणि आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून, नव्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ घालून कुकरला शिजवा. चणा दोन बोटांत सहज दबला पाहिजे. दबत नसेल तर परत कुकर लावा, पण टोमॅटो मात्र आधी घालू नका. आंबटात चण्याचं साल मऊ होत नाही, मग तासभर उकळलं तरी दाणा कडकच राहतो. शिजवलेलं पाणी ठेवा, रस्सा सैल करायला तेच वापरा.

रश्श्यासाठी चार मोठे चमचे तेल, तीन कांदे बारीक चिरून. पाणचटपणा इथेच ठरतो. कांदा गुलाबी झाल्यावर थांबू नका, मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं परतून तांबूस करा. मग आठ लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं, मिनिटभर. दोन छोटे चमचे जिरेपूड, एक मोठा चमचा धनेपूड, एक छोटा चमचा तिखट. मसाला करपेल असं वाटलं तर दोन चमचे पाणी शिंपडा. मग ५०० ग्रॅम टोमॅटो, तेल कडेने सुटेपर्यंत. त्यात चणे, त्यांचं वाटीभर पाणी आणि एक छोटा चमचा मीठ घालून पंधरा मिनिटं शिजू द्या. शेवटी आच मंद करून ४०० मिली घट्ट नारळाचं दूध घाला आणि पाच मिनिटांत उतरवा. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. चव सपक वाटली तर आधी लिंबू वाढवून बघा, मीठ नंतर. बहुतेक वेळा आंबटच कमी पडलेलं असतं.

हिशोबी_चमचा
वर भाताचं प्रमाण राहिलं. माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे सहा जणांना ४५० ग्रॅम तांदूळ. एका वाटीला दोन वाट्या पाणी हे गणित जास्त भाताला तसंच लावलंत तर गिचका होतो, कारण वाफेने उडणारं पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही. तीन वाट्या लांब दाण्याच्या तांदळाला झाकणाच्या पातेल्यात साडेचार ते पाच वाट्या पुरतात. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका.

भाज्यांना ओव्हन २२० अंशांवर आधी तापवा. गाजर आणि फ्लॉवर मिळून सव्वा किलो, तीन मोठे चमचे तेल, मीठ. दोन ट्रे घ्या. एकाच ट्रेमध्ये रचल्या तर भाज्यांना पाणी सुटतं आणि त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. तीस-पस्तीस मिनिटं लागतात. अर्ध्या वेळेला भाज्या उलटा आणि ट्रेच्या जागा बदला.

पहिलीच_पंगत
डब्यातले चणे चालतील? आणि नारळाचं दूध फुटलं तर?

मंद_आच
चालतील. पाणी काढून साधारण २४० ग्रॅम चणे भरतील असे चार डबे घ्या. त्यांत मीठ असतं म्हणून रश्श्याचं मीठ चव घेऊन घाला. नारळाचं दूध फुटतं ते जोरात उकळल्याने. फुटलेलं खायला काही धोका नाही, फक्त रवाळ दिसतं. वाटीभर चणे रश्श्यासकट मिक्सरमधून काढून परत मिसळा, रस्सा एकजीव होतो आणि दाटही.

लेबल_वाचा
जिन्नस चांगले असूनही जेवण व्हीगन राहत नाही ते तयार वस्तूंमुळे. ब्रेडमध्ये दूध पावडर किंवा लोणी, तयार करी पेस्टमध्ये कोळंबी किंवा मासे, मार्गारीनमध्ये व्हे (दूध फाटल्यावर उरणारं पाणी), जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं). केसीन म्हणजे दुधातलंच प्रथिन. मधही व्हीगन नाही. ‘दुधाचे अंश असू शकतात’ असं लिहिलेलं असतं ती अ‍ॅलर्जीची सूचना, दूध हा त्यातला घटक असेलच असं नाही. तरी पाहुण्यांना आधीच विचारा. कुणाला खरोखर दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती वस्तू बाजूला ठेवा, आणि सुक्या मेव्याचंही त्याच वेळी विचारून घ्या.

हिशोबी_चमचा
गोड हवं असेल तर दुधाचा अंश नसलेलं २५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. ४०० मिली घट्ट नारळाचं दूध कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून सगळं एकदम त्यावर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधोमध ढवळायला सुरुवात करा. थोडं थोडं दूध ओतलं तर चॉकलेट आकसून गोळा होतं. वाट्यांत ओतून चार तास फ्रिजमध्ये.

हे आणि चण्यांचा रस्सा आदल्या दिवशी करून ठेवा, फक्त नारळाचं दूध आणि लिंबू वाढायच्या दिवशी घाला. भाज्या पाहुणे यायच्या वेळेला ओव्हनमध्ये जाऊ द्या आणि भात त्यांच्या पाठोपाठ चढवा. उरलेला भात तासाभरात पसरून गार करून फ्रिजमध्ये टाका. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात वाढलेल्या जंतूंचं विष परत गरम केल्यानेही जात नाही.