पूल स्वस्तात बांधावा की टिकाऊ?

धरमपेठ (नागपूर), निवृत्त उपअभियंता : महामार्गावरील पूल कमीत कमी बोलीतच बांधावेत, उरलेल्या पैशात दुसरा पूल होतो, असे काल येथे एका सदस्याने लिहिले, ते वाचून राहवले नाही. विस्तार सांध्याचे, म्हणजे पूल तापून लांबावा म्हणून सोडलेल्या फटीचे, रबर फाटले की पावसाचे पाणी पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावर) उतरते, बेअरिंग (गर्डरखालचे टेकू) निकामी होतात आणि अखेर वाहतूक अडवून गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, जॅकने उचलावे लागतात. हा खर्च त्या बोलीत कोणीच धरत नाही. एका पुलाच्या तपासणीत मी पिअर कॅपचा पोपडा बोटाने काढला, तर आतल्या सळईचा तांबडा चुरा हातात आला. शक्य तेथे सांधे आणि बेअरिंग नसलेला एकसंध पूलच बांधावा.

कामठी रोड, ठेकेदार : साहेब, ते मत माझेच आहे. शंभर मीटर काँक्रीट तापमानातल्या ३५ अंशांच्या फरकाने सुमारे ४० मिलिमीटर लांबते, शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हे सारे एकसंध पुलाने कसे सोसायचे? काम सर्वांत स्वस्त बोलीला द्या, पण आयआरसी ११२ या काँक्रीट पुलांच्या संहितेप्रमाणे आयुष्य १०० वर्षांचे मागायचे आणि बोलणी मात्र आम्ही खायची, हे मला मान्य नाही.

मनीषनगर : दादा, बोली राहू द्या, क्युरिंगचे, म्हणजे ओतलेले काँक्रीट ओले ठेवण्याचे बोला. आमच्या घरासमोरच्या उड्डाणपुलाच्या कामावर मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता स्लॅबवरचे गोणपाट मी हात लावून पाहिले, ते खडखडीत वाळलेले होते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख सिमेंटमध्ये मिसळली, तर काँक्रीटमध्ये पाणी कमी झिरपते, पण ते सावकाश घट्ट होते, म्हणून त्याला ओलावा जास्त दिवस लागतो.

ठेकेदार : ताई, उन्हाळ्यात टँकर मिळवताना आमची काय दशा होते, ते एकदा साइटवर उभे राहून पाहा आणि मग आरोप करा!

मनीषनगर : मी आरोप केला नाही, डोळ्यांनी पाहिले ते सांगितले. पाणी मिळत नसेल, तर त्या दिवशी काँक्रीट ओतूच नये.

निवृत्त उपअभियंता : ताईंचे बरोबर आहे. काळ्या मातीबद्दल सांगायचे, तर पाया मातीखालच्या मुरमात किंवा खडकात न्यावा आणि टोकांमागचा भराव मुरमाचाच करावा. फार लांब पुलाला मात्र सांधे लागतील, हे मला मान्य करावे लागते.

ठेकेदार : क्युरिंगचे पाणी निविदेत स्वतंत्र बाब म्हणून धरा आणि बोली तीस वर्षांच्या देखभालीसह मागवा, तर माझा विरोध नाही. गोणपाटाचे मात्र ताईंचेच खरे आहे, ते आमच्याही साइटवर वाळते.