प्रतिसाद: कोलकात्याच्या ग्रंथालयाचा मराठीला उपयोग काय?

वर विचारलंय की राष्ट्रीय ग्रंथालय कोलकात्यात, आपल्याला काय उपयोग. अहो, तिथे मराठीचा वेगळा विभाग आहे आणि 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत तिथे एक प्रत स्वखर्चाने पाठवायचीच असते, शिवाय मुंबई, चेन्नई, दिल्लीलाही एकेक. पण छोटे प्रकाशक पाठवतच नाहीत, हे खरं दुखणं. आजोबांचं गोदेच्या पुरावरचं पुस्तक इथेच पंचवटीत छापलेलं, कुठेच पाठवलं नाही, आता घरात एकच प्रत, तिचीही शेवटची पानं वाळवीने खाल्लीत, हात लावला की भुगा पडतो. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून पुस्तकं जपतंय, पण सगळंच त्यांनी कसं सांभाळायचं? नाशिककर प्रकाशकांनो, प्रती पाठवा हो!