पियात्सा नावोना, रोम: तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_क
काल भाचीने रोमहून फोटो पाठवला. चौकातल्या कारंज्यापाशी उभी आहे, मागे दाढीवाला दगडी पुरुष, हातात लांब वल्हं. खाली प्रश्न, "मावशी, हे कोण?" अगं, ही आपली गंगा! मी गेले होते तेव्हाचं सगळं डोळ्यांसमोर आलं.
शिल्पकार बर्निनीचं हे चार नद्यांचं कारंजं १६५१ मध्ये पुरं झालं. डॅन्यूब, नाईल, गंगा आणि दक्षिण अमेरिकेतली रिओ दे ला प्लाता, चार खंडांच्या चार नद्या. रोमन परंपरेत नदीदेवता पुरुष असतात, त्यामुळे गंगामैया तिथे पिळदार अंगाची आणि दाढीवाली. पण वल्हं पाहून मला फार बरं वाटलं. जिच्यावर नावा चालतात ती नदी, एवढं त्या शिल्पकारांना ठाऊक होतं. ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा.

सांगलीकर_भटक्या
आम्ही उन्हाळ्यात गेलो, दगड नुसते तापलेले. चौक एवढा लांबट का, असं मुलगा सारखा विचारत होता. कारण खाली डोमिशियन सम्राटाचं स्टेडियम आहे, पहिल्या शतकातलं. प्रेक्षकांच्या बाकांच्या जागी नंतर घरं उभी राहिली आणि मधलं मैदान तसंच मोकळं राहिलं. उत्तरेच्या टोकाला मागच्या रस्त्यावर जा, जुन्या कमानी रस्त्याच्या पातळीखाली दिसतात. पोराला ते चर्चपेक्षा जास्त आवडलं.

स्वातीपुणे
नाईलच्या डोक्यावर कापड का आहे ते लिही ना मृण्मयी

मृण्मयी_क
उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता म्हणून. कूकर लावून येते, मग सविस्तर.

अरुण_दादर
आमच्या गाईडने सांगितलं की समोरचं सांत आन्येझे चर्च अंगावर कोसळेल या भीतीने प्लाताने हात वर केलाय, कारण ते वास्तुकार बोरोमिनीचं, आणि त्याचं न् बर्निनीचं हाडवैर. गोष्ट रंगतदार, पण कारंजं १६५१ चं आणि चर्चचं काम सुरू झालं १६५२ मध्ये. बोरोमिनी तर त्याहून नंतर आला. या गोष्टीपायी लोक चर्चकडे नीट बघतच नाहीत याचं मला वाईट वाटतं. दर्शनी भिंत आत वळलेली आहे, त्यामुळे जागा अरुंद असूनही घुमट चौकातून पूर्ण दिसतो. पाच मिनिटं फक्त तेवढंच बघा.

स्वातीपुणे
+१ अरुणकाका. आणि चर्चला लागून पाम्फिली पॅलेस आहे, पोप दहावा इनोसंट याच्या घराण्याचा. आता ब्राझीलचा दूतावास. रात्री दिवे लागले की खिडकीतून पिएत्रो दा कोर्तोनाने रंगवलेलं छत थोडंसं दिसतं. आम्ही माना वर करून उभे होतो, तोवर सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. त्या दगडी फरसबंदीवर म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात हो.

वैजूमावशी
स्वाती, काळजी घे गं त्यांची. माझंही तेच दुखणं. जाड तळव्याचे बूट घ्यायचे आणि मध्ये मध्ये बसायचं, कारंज्याभोवती बाक आहेत.

सांगलीकर_भटक्या
पाणी विकत घेऊ नका, गल्लोगल्ली नळ वाहतात, बाटली भरा.

विनय_नाशिक
पाण्यावरून आठवलं, ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी हा चौक मुद्दाम पाण्याने भरत असत, एकोणिसाव्या शतकापर्यंत. बड्यांच्या बग्ग्या त्यातून फिरायच्या, पोरं डुंबायची. दुसरी बाजूही आहे. कारंजं उभं राहत होतं तेव्हा दुष्काळ होता, कर बसवले होते, आणि आम्हाला पाव द्या, कारंजी नकोत, अशा अर्थाच्या कविता लोकांनी लावल्या. निनावी टीका चिकटवायचा तो पास्क्वीनो पुतळा चौकालगतच आहे, आजही त्याच्यापाशी असे कागद असतात. मला अख्ख्या रोममध्ये तो सगळ्यात जवळचा वाटला.

म्हापसेकर
रोमला गेलो नाही, पण आमच्या जुन्या गोव्यात या. बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला. टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याची भेट, १६९८ मध्ये बसवला. इटलीतली बरोक कलाशैली, बर्निनीच्या काळातली, जहाजाने आपल्याकडे आलीय. पलीकडे सेंट कायतान चर्च, ते तर रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर. पावसाळ्यात बघा, गर्दी नसते.

वैजूमावशी
म्हापसेकर, आमचं माहेर पेडण्याचं! दर वर्षी जायचो फेस्ताला, चर्चच्या सणाला.

म्हापसेकर
खंयचें गांव? वेगळा निरोप पाठवतो.

अरुण_दादर
जवळच सान लुईजी देई फ्रांचेझी चर्च आहे, चुकवू नका. कारावाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, प्रवेश फुकट. नाणं टाकलं की दिवा लागतो, सुटे पैसे ठेवा.

नेहा_ठाणे
सगळं वाचतेय, मस्त! आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलांना घेऊन जाणार. थंडीत चौकात काही असतं का?

विनय_नाशिक
६ जानेवारीला बेफानाचा सण. म्हातारी झाडूवर बसून येते आणि मुलांना खाऊ देते. त्यासाठी चौकात जत्रा भरते. मुलांना टोप्या मात्र जाड घ्या, संध्याकाळी गारठा असतो.