‘मिटवली’ म्हणजे निकाली काढली की पुसली?

जुनी_इंदूर : आम्ही दहा-बारा डॉक्टर मिळून मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर मार्गदर्शिका तयार करतोय. मी इंदूरची, बाकीचे बहुतेक नाशिक-पुण्याचे. सगळं काम गूगल डॉक्सवर. मसुदा इंग्रजीत, भांडणं मराठीत. परवा एका शिफारशीवर मी लांबलचक हरकत लिहिली. संध्याकाळी नाशिकच्या सरांचा निरोप : “ताई, तुमची कॉमेंट मिटवली.” डोकंच फिरलं! दोन तास शोधनिबंध चाळून लिहिलेलं पुसून टाकलं? फोन केला तर म्हणाले, “अहो, पुसली कुठे? मिटवली. रिझॉल्व्हचं बटण दाबलं.” आणि खरंच, जुन्या कॉमेंट्समध्ये माझी हरकत शाबूत, खाली त्यांचं उत्तर. माझा कान हिंदीनं बिघडलाय का?

मुळामुठा : बिघडलाय. मराठीत भांडण मिटतं, डोळे मिटतात, पाकळ्या मिटतात. पुसलं जातं ते हिंदीत, ‘मिटाना’.

पोहे_शेव : आमची आजी होळकरांच्या राज्यात जन्मली. पाटीवरचं गणित ती ‘मिटव’च म्हणायची. तिनं पुण्याहून परवाना आणायला हवा होता का?

मुळामुठा : आजींबद्दल आदर आहे, पण ते हिंदीच.

पोहे_शेव : मग ‘चिंता मिटली’ म्हणता तेव्हा ती जुन्या नोंदींत शाबूत असते वाटतं?

मांडवी_दरवाजा : वा! माझ्या मते मुळात दोन वेगळे शब्द असावेत, एक बंद होण्याचा, एक नाहीसं होण्याचा. पुरावा नाही, नुसती हौस. बाकी शब्दांचा घोळ आमच्या बडोद्याला नवा नाही. सयाजीरावांनी कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’, १९३१ साली. ताई, ‘निकाली काढली’ म्हणा, कचेरीचा कसलेला शब्द आहे.

जुनी_इंदूर : काका, ‘निकाली काढली’ म्हटलं की न ऐकताच फेटाळली असं वाटतं. मार्गदर्शिकेत कोणती हरकत आली, तिचं काय केलं, हा माग राहावाच लागतो. उद्या कुणी विचारलं की ही शिफारस कशावरून, तर दाखवायचं काय?

ओपीडी_नंतर : ‘शिफारस’ हाच मोठा घोटाळा आहे. रुग्णांसाठीच्या मराठी पत्रकात आम्ही ‘स्ट्राँग रेकमेंडेशन’ला ‘जोरदार शिफारस’ केलं. इंदूरच्याच एक मावशी वाचून म्हणाल्या, “कोणाचा फोन आला होता?” इथे सिफारिश म्हणजे वशिला!

मुळामुठा : शब्दच फारसी. ‘अनुशंसा’ वापरा.

ओपीडी_नंतर : अनुशंसा वाचून मावशी पत्रकच ठेवून देतील. आणि दुसऱ्या प्रकारची शिफारस तर आणखी वाईट. ग्रेड पद्धतीत, म्हणजे शिफारस किती पक्की ते ठरवायच्या रीतीत, ‘कंडिशनल’ म्हणजे नीट माहिती दिली तर बरेच रुग्ण हा उपाय निवडतील, पण पुष्कळ जण नाहीही निवडणार. म्हणून बसून बोला. आम्ही लिहिलं ‘सशर्त शिफारस’. लोक विचारतात, अट कोणती? अट नाहीच आहे हो.

पोहे_शेव : ‘विचारून ठरवा’ लिहा ना सरळ.

मुळामुठा : ही परिभाषा झाली का? उद्या ‘स्ट्राँग’ला ‘कराच’ म्हणाल.

ओपीडी_नंतर : ‘कराच’! हे मी आजच मसुद्यात टाकते.

मांडवी_दरवाजा : टाका, पण आधी सगळ्यांची मतं नावं झाकून घ्या. उघड विचारलंत तर मोठे डॉक्टर म्हणतील तेच बाकीचे म्हणतील. तज्ज्ञांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी घ्यायची डेल्फी पद्धत असते ना, तिच्या फेऱ्यांत नावं झाकतात ती त्यासाठीच.

मुळामुठा : ‘फेरी’ चालेल. ‘राउंड’ लिहिलं असतंत तर बोललो असतो.

जुनी_इंदूर : माझं ‘मिटवली’ राहिलंच. असो, सर आता मुकाट ‘रिझॉल्व्ह केली’ लिहितात. पण नवं लफडं ऐका. डॉक्समधल्या ‘सजेशन’ला आम्ही ‘सूचना’ म्हणायला लागलो. कालच भोपाळचे एक हिंदी भाषिक सहकारी गटात आले. “तुमच्यासाठी आठ सूचना आहेत” असं कळवलं, तर विचारून राहिले, मीटिंग किती वाजता आहे?