डन्स जनुकाला 'ढ' म्हणावं का?

प्रश्न : फळमाशीच्या स्मरणशक्तीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात 'डन्स' (इंग्रजीत मंदबुद्धी) हे जनुक पदोपदी येतं. 'ढ जनुक' चालेल? की 'मठ्ठ'?

प्रतिसाद : 'ढ'च. 'मठ्ठ'मध्ये आळशीपणाचीही छटा येते, 'ढ' निव्वळ अभ्यासातला. ब्राह्मीपासून या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून पुढे न सरकणारा तो 'ढ', असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण इथे चपखल बसतं. इंग्रजी शब्दाची गंमत याहून मोठी. जॉन डन्स स्कॉटस हे मध्ययुगातले गाढे पंडित. त्यांच्या अनुयायांना हिणवता हिणवता 'डन्स' रूढ झाला!

प्रतिसाद : 'ढ जनुक' वाचून वाटेल की हे जनुक असलं की माशी ढ होते. आहे नेमकं उलट. फळमाशीत जनुक बिघडल्यावर जे दिसतं, त्यावरून बहुधा त्याचं नाव पडतं. जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली, म्हणून जनुक 'व्हाइट'. ते धड असेल तर डोळे लालच.

डन्सचंही तेच. जीवशास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्या कॅलटेक या अमेरिकी संस्थेतल्या प्रयोगशाळेने १९७४ मध्ये माश्यांची शिकवणीच घेतली म्हणा ना. माशी उजेडाकडे धावते, म्हणून नळीच्या टोकाला दिवा. एका वासाच्या नळीत जाळीतून विजेचा झटका, दुसऱ्या वासाच्या नळीत काही नाही. साध्या माश्या पुढच्या खेपेला झटक्याचा वास टाळू लागल्या. १९७६ मध्ये जाहीर झालेल्या डन्स माश्यांना ते जमेना. हे जनुक धड असलं की सायक्लिक एएमपी हा पेशीत निरोप पोचवणारा रेणू मोडणारं एन्झाइम बनतं. बिघडलं की तो रेणू पेशीत साचतो. हे एन्झाइम भरपूर आढळतं ते मशरूम बॉडीत, म्हणजे कीटकांच्या मेंदूतल्या ज्या देठवाल्या भागाचा संबंध फ्रेंच जीवशास्त्रज्ञ द्युजार्दँ यांनी १८५० मध्येच बुद्धीशी जोडला होता.

प्रतिसाद : आणखी एक मेख आहे. १९८५ च्या चाचण्यांत दिसलं की या माश्याही शिकतात, फक्त भराभर विसरतात. मग 'विसराळू' म्हणावं, तर ते नाव 'अ‍ॅम्नेशियाक' या दुसऱ्याच जनुकाला शोभतं. आणि 'रुटाबागा' नावाच्या जनुकाचं काय करणार? ते तर सलगमासारख्या एका कंदाचं नाव!

प्रश्नकर्ता : पटलं. जनुक 'डन्स'च राहील. बिघाड माशीत दिसतो, तेव्हा 'ढ माशी' मात्र लिहितो, पहिल्या उल्लेखाला अवतरणात.